जुनं पिस्तूल जवळ ठेवायचंय? नाशिककरांसाठी परवाना, पात्रता आणि कागदपत्रं

‘जुन्या पिस्तुलांचा छंद आहे, संग्रह करायचाय’ असं सांगत शस्त्र परवाना शाखेत गेलात, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : जिवाला धोका कोणापासून आहे? टेबलामागच्या माणसाचं काही चुकत नाही, कायदाच तसा बेतलाय. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये काही कारणं थेट मान्य केली आहेत. पीक राखायला ठासणीची बंदूक, क्लबच्या नेमबाजाला सरावासाठी .२२ रायफल, अशी ती यादी आहे. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल त्या यादीत नाहीत. ती ‘इतर प्रकरणं’ या रकान्यात पडतात आणि तिथे परवाना प्राधिकाऱ्याला, म्हणजे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला, तुमचं कारण ‘योग्य’ वाटलं, तरच परवाना मिळतो. ‘मला जुनं पोलाद आवडतं’ हे कारण सहसा कुणाला पटत नाही.

म्हणून संग्राहकाने नव्या परवान्याच्या दारात ताटकळण्याआधी हातातली किंवा नजरेतली वस्तू नेमकी कोणत्या वर्गात बसते, ते पाहावं. पुढची सगळी कागदपत्रं त्यावरच ठरतात.

वस्तू जिवंत की मृत?

कलम ४५ मध्ये एक सवलत आहे. कालबाह्य बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं शस्त्र, जे दुरुस्त करूनही बंदुकीसारखं वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही. वाक्याचा सगळा भार ‘दुरुस्त करूनही’ या दोन शब्दांवर आहे. घोड्याची स्प्रिंग तुटलीय म्हणून शस्त्र मृत होत नाही. कारागीर ती तासाभरात बसवून देईल. नळी आतून पूर्ण खाल्लेली, काडतुसं बसवायची चक्री गंजून सांगाड्याशी एकजीव झालेली असेल तर गोष्ट वेगळी. आणि हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नसतं. परवाना प्राधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यायचा, शस्त्राची तपासणी मागायची आणि उत्तर लेखी घ्यायचं. दुकानदार ‘अहो, शोपीस आहे’ म्हणाला, याला चौकशीत काडीची किंमत नाही.

काही जण हुशारी करून सातपूर-अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये नळीला भोक पाडून घेतात, नळी कापून घेतात. हे अजिबात करू नका. नळी आखूड करायलाही कलम ६ प्रमाणे परवाना लागतो. शिवाय लेथवाल्याकडे शस्त्राचं काम करायचा परवाना नसतो, म्हणजे तोही बिचारा अडकतो.

दुसरा वर्ग ‘क्युरिओ’, म्हणजे ऐतिहासिक, दुर्मिळ शस्त्रांचा. १२ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनंतर भारतीय नागरिकाला क्युरिओ वर्गातलं लहान शस्त्र घ्यायला आणि घरी ठेवायला परवाना लागत नाही. संग्राहकांना ही बातमी ऐकून आनंद झाला तो रास्तच, पण पुढचं वाक्य बरेच जण वाचत नाहीत. तेच शस्त्र वापरायला, बरोबर बाळगायला किंवा एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायला योग्य तो परवाना लागतोच, आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय त्याची काडतुसं कुणी विकू शकत नाही. थोडक्यात, घरात ठेवायला परवाना नको, पण घरापर्यंत आणायला हवा! पुण्याच्या एखाद्या वाड्यातून ठासणीचं पिस्तूल घेतलं आणि गाडीच्या डिकीत टाकून सिन्नरमार्गे नाशिकला आणलं, तर संगमनेरच्या नाकाबंदीत तुमच्या हातात दाखवायला काहीच नसतं. वाहतुकीची परवानगी आधी घ्या, सौदा मग करा. शस्त्र क्युरिओ वर्गातलं आहे हेही प्राधिकाऱ्याकडून लेखी घेऊन ठेवा.

तिसरा वर्ग म्हणजे चालू स्थितीतलं जुनं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. आजोबांचं वेब्ली रिव्हॉल्व्हर हे आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण. याला पूर्ण परवाना लागतो, मग ते शंभर वर्षांचं का असेना. वय झालं म्हणून कायद्यातून सुटका होत नाही.

बोअर आधी बघा

वेब्ली अँड स्कॉट ही बर्मिंगहॅमची कंपनी. घोड्याजवळची खिट्टी अंगठ्याने दाबली की नळी पुढे झुकते, चक्रीच्या मधून चांदणीसारखा तुकडा वर येतो आणि रिकामी काडतुसं एकदम बाहेर पडतात. ही रचना ज्याने एकदा हाताळली, तो या छंदातून सहसा सुटत नाही. मूठ पक्ष्याच्या मानेसारखी गोलसर असेल तर मॉडेल जुनं. १९१५ मध्ये आलेल्या ‘मार्क सहा’ या मॉडेलची मूठ चौकोनी आहे. पण परवान्याच्या दृष्टीने ही मूठ गौण. बघायचं ते बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचं माप सांगणारा आकडा.

.३८० किंवा .४५५ ची काठवाली (बुडाशी कड असलेली) काडतुसं, किंवा लष्करी ९ मिमीची काडतुसं ज्यात बसतात, ते रिव्हॉल्व्हर वा पिस्तूल ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये येतं. म्हणजे पहिल्या महायुद्धातलं .४५५ मार्क सहा आणि दुसऱ्या महायुद्धातलं .३८ चं एनफिल्ड, दोन्ही या यादीत. त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असतो आणि सामान्य संग्राहकाने त्याची आशा धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. .३२ चं वेब्ली, कोल्ट किंवा ब्राउनिंग मात्र अप्रतिबंधित, त्यांचा निर्णय इथे नाशिकमध्येच होतो.

ब्राउनिंगचं नाव निघालं की नाशिककराला २१ डिसेंबर १९०९ आठवतोच. विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं पिस्तूल ब्राउनिंग होतं. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर अशी वीस पिस्तुलं पाठवली होती. त्यामुळे जुन्या ब्राउनिंगला ‘हे त्याच खेपेतलं’ अशी पुस्ती जोडून कुणी भाव वाढवू लागलं, तर क्रमांक आणि कागद मागा. कागद नसेल तर ती नुसती कहाणी, आणि कहाणीला परवाना शाखेत विचारत नाहीत.

अर्ज कुणाकडे?

नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल, म्हणजे पंचवटी, सातपूर, अंबड, नाशिक रोड, देवळाली कॅम्प वगैरे, तर प्राधिकारी पोलीस आयुक्त. सिन्नर, निफाड, येवला, मालेगाव, इगतपुरी या बाजूला असाल तर जिल्हाधिकारी, आणि पोलीस अहवाल ग्रामीण अधीक्षकांमार्फत येतो. शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत हद्दीचा घोळ असतो. आपलं पोलीस ठाणं शहरात की ग्रामीणमध्ये, हे आधी विचारून घ्या, नाहीतर फाइल दोन कार्यालयांच्या मध्ये फिरत राहते.

पात्रता थोडक्यात : वय २१ पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर ती भोगून पाच वर्षं उलटलेली हवीत. शांतता राखण्याच्या किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राची मुदत चालू असेल तर थांबावं लागतं. मानसिक आरोग्याचा प्रश्न असेल तर नकार ठरलेला.

अर्ज नमुना ए-१ मध्ये, शस्त्र परवान्यांच्या नॅशनल डेटाबेसच्या एनडीएएल-एलिस पोर्टलवर भरायचा असतो. शुल्क किती ते तिथेच दिसतं. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार किंवा पासपोर्ट, रहिवासाचा पुरावा, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र (अमली पदार्थांचं व्यसन नसल्याच्या उल्लेखासह), शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आणि शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. वैद्यकीय प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातूनच घेतलेलं बरं, म्हणजे पुढे शंका निघत नाही. आयकर विवरणपत्रंही मागितली जातात, फाइलमध्ये आधीच लावून टाका. मग पोलीस ठाण्याची चौकशी, घरभेट, शेजाऱ्यांना विचारणा. कपाट कुठे आहे, किल्ली कुणाकडे असते, हे विचारतात. तिथे ‘भिंतीवर काचेच्या शोकेसमध्ये लावणार’ असं उत्साहाने सांगू नका. चालू शस्त्र लोखंडी तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात, असंच उत्तर असायला हवं आणि व्यवस्थाही तशीच.

वारसा : खरा राजमार्ग

नाशिकमध्ये चालू स्थितीतलं जुनं हातशस्त्र ज्यांच्याकडे आहे, त्यातल्या बहुतेकांकडे ते वाडवडिलांकडूनच आलेलं असतं. नियमांतही या वाटेला स्वतंत्र जागा आहे. शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५ सांगतो की परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना देता येतो. हयातीतही देता येतो : धारकाचं वय सत्तर झालं किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी घडेल तेव्हा तो आपल्या वारसाचं नाव देऊ शकतो. वडील सत्तरीला पोचले असतील आणि हिंडते-फिरते असतील, तर हयातीतलं हस्तांतरण कधीही सोपं. त्यांच्या एका सहीने जे होतं, त्यासाठी नंतर चार भावंडांच्या सह्या गोळा कराव्या लागतात, आणि एक बहीण हमखास परदेशात असते.

मृत्यूनंतर सगळ्यात आधी शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करा आणि पावती घ्या. धारक गेला की त्याचा परवाना तुम्हाला लागू होत नाही, हे दुःखाच्या दिवसांत कुणाच्या लक्षात येत नाही. शस्त्र तेरावा होईपर्यंत आणि मग वाटणी होईपर्यंत कपाटातच राहतं. बिनपरवाना बाळगल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आणि दंड आहे. प्रतिबंधित बोअर असेल तर सात ते चौदा वर्षं. जमा केलेलं शस्त्रही ठरलेल्या मुदतीत सोडवलं नाही किंवा विकलं नाही, तर ते सरकारजमा होऊ शकतं. म्हणून पावतीवरची तारीख लिहून ठेवा.

वारसाच्या अर्जाला वर सांगितलेली सगळी कागदपत्रं लागतातच. त्याशिवाय मृत्यूचा दाखला, मूळ परवाना पुस्तिका, जमा पावती, वारस असल्याचा पुरावा, इतर सर्व वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं आणि क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे काही नुकसान निघालं तर ते भरून देण्याची हमी). प्रतिज्ञापत्रात शस्त्राचा क्रमांक, बोअर आणि कंपनी पुस्तिकेशी अक्षरशः जुळली पाहिजे. जुन्या पुस्तिकांत जांभळ्या शिक्क्याखाली क्रमांक अर्धा पुसलेला असतो आणि हाताने लिहिलेला ३ आठसारखा दिसतो. शस्त्रावरचा क्रमांक विक्रेत्यासमोर भिंगाने वाचून त्याच्याकडून लिहून घ्या. एका आकड्याच्या फरकाने फाइल परत येते.

परवाना नकोच असेल, तर शस्त्र परवानाधारक विक्रेत्याला किंवा परवाना असलेल्या व्यक्तीला विकता येतं. व्यक्तीला विकताना जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला खरेदीदाराच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचं, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं.

माळ्यावरच्या पेटीत शस्त्र सापडलं आणि परवान्याचा कागदच नाही, तर ते पिशवीत घालून ठाण्यात जाऊ नका. जिथे आहे तिथेच राहू द्या, वकिलाशी बोला, पोलिसांना लेखी कळवून पंचनाम्यासाठी बोलवा.

दोनाची मर्यादा

इथे संग्राहकाचं मन मोडतं. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि वारशाने आलेलंही त्यातच मोजलं जातं. जास्तीचं शस्त्र जमा करायला एक वर्ष दिलं होतं, ती मुदत डिसेंबर २०२० मध्येच संपली. म्हणजे आजोबांचं वेब्ली आणि काकांची बारा बोअरची बंदूक घेतली की तुमचा कोटा संपला. यापुढे जे जमवायचं ते क्युरिओ किंवा कलम ४५ मधलं मृत शस्त्र. मला विचाराल तर यात रडण्यासारखं काही नाही. चकमकीच्या दगडाने बार पेटणाऱ्या तमंच्यावरचं चांदीचं काम, टोपीदार पिस्तुलाचा घोडा, बर्मिंगहॅमचे तपासणीचे शिक्के, हे बघायला गोळी सुटावी लागत नाही. फक्त पॉलिश पेपरने घासू नका. त्या तपकिरी थरात आणि शिक्क्यांतच त्याची किंमत असते. चकचकीत केलेलं पिस्तूल जाणकार हातातही घेत नाही.

परदेशी लिलावाच्या संकेतस्थळांवरून मागवायचा विचार सोडून द्या, शस्त्र आयातीला कलम १० प्रमाणे स्वतंत्र परवाना लागतो. उलट दिशेलाही बंदी आहे : शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावशेष ठरते आणि १९७२ च्या कायद्याने ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाला भेट म्हणून पाठवायचा बेत असेल, तर फोटो पाठवा.

परवाना मिळाला की तो पाच वर्षांचा असतो, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच करा. निवडणुका आल्या की शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचे शस्त्रबंदीचे आदेशही शहरात वरचेवर निघतात, आणि सिंहस्थाच्या काळात बंदोबस्त आणखी कडक असतो. अशा दिवसांत प्रदर्शन, मित्राला दाखवायला नेणं, सगळं बंद. व्हॉट्सअॅप स्टेटसवर हातात पिस्तूल धरलेला फोटो तर एरवीही टाकू नका. त्यावरून चौकशी मागे लागू शकते.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. तोंडी ‘होणार नाही’ यावर अपील करता येत नाही. लेखी आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम १८ खाली अपील करायचं : जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश असेल तर नाशिक रोडच्या विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांचा असेल तर राज्य शासनाच्या गृह विभागाकडे. अपिलात छंदाची कैफियत मांडू नका. शस्त्राचा जुना परवाना, घराण्यातला त्याचा इतिहास आणि तिजोरीचं बिल, एवढं जोडा.