सहाव्या वर्षी येणारी दाढ

झरी जामणी तालुक्यातल्या एका गावात, समाजमंदिरात तपासणी शिबिर होतं. एप्रिलचं ऊन. एक बाई नातीला घेऊन आल्या. वय पन्नाशीच्या आतलं. "दाढ काढून टाका जी. मागच्या साली लय ठणकली. आता दुखत नाई, पण गालफड सुजते मधामधात." टॉर्च मारून पाहिलं तर खालच्या दाढेचा वरचा भाग शिल्लकच नव्हता. हिरडीत दोन मुळं तेवढी रुतून होती आणि बाजूला पुवाची बारीक पुळी.

"आता दुखत नाई." विदर्भातल्या खेड्यांत दातांचं काम करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की पोटात कालवतं. कारण दाढेचं दुखणं आपोआप थांबतं तेव्हा ती बहुतेक वेळा मेलेली असते.

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. शरीरात याहून कठीण काही नाही. वजनाच्या सुमारे ९६ टक्के ते खनिजच असतं. पण त्यात एकही जिवंत पेशी नसते. मोडलेलं हाड सांधतं, गेलेलं इनॅमल परत येत नाही. आपण गोड किंवा पिठूळ खाल्लं की दातांवरच्या चिकट थरातले जिवाणू त्याचं आम्ल करतात. पीएच म्हणजे आम्लाचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त; तो साधारण ५.५ च्या खाली उतरला की खनिज विरघळू लागतं. मग लाळ कामाला लागते, आम्ल सौम्य करते आणि अर्ध्या-एक तासात खनिज थोडंथोडं परत चढवते. दोन-तीन वेळच्या जेवणाला लाळ पुरून उरते. दर तासाला गोड चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्किट असेल तर ती हरते.

हे सगळं महिनोन् महिने चालतं आणि कळत नाही, कारण इनॅमलला संवेदनाच नाही. कीड इनॅमलच्या आतल्या थरापर्यंत, डेंटिनपर्यंत, गेली की थंड पाणी झोंबतं. त्याही आत मऊ गर असतो, रक्तवाहिन्या आणि नसांनी भरलेला, चारी बाजूंनी टणक भिंतींत कोंडलेला. तिथं सूज आली तर तिला पसरायला जागा नाही. आडवं झाल्यावर डोक्याकडच्या रक्ताचा दाब वाढतो, म्हणून ठणका रात्री उठवतो. पुढे गर मरतो, नस मरते, ठणका बंद. जिवाणू मात्र मुळाच्या टोकातून जबड्यात उतरतात, आणि गालफड मधामधात सुजतं.

त्या रात्री काढायला गावाकडे उपाय आहेत. लवंग दाबून धरतात, आणि ते बरोबरच आहे. लवंगेतलं युजेनॉल खरंच बधिर करतं. दवाखान्यातही आम्ही ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरतं सिमेंट भरतो. कोणी भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेतं. पण जास्त भीती वाटते ती तंबाखूच्या चिमटीची. तिनंही घटकाभर बरं वाटतं, आणि दाढेसाठी सुरू झालेली चिमूट सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्यापर्यंत जाते. पन्नीत घोटलेल्या सुपारीतलं अरेकोलिन गालाच्या आत तंतूंचं जाळं वाढवतं, तोंड हळूहळू मिटत जातं, तीन बोटं जायची तिथं एकही जात नाही. अशा तोंडात दाढेपर्यंत औजार पोचवणंही अवघड, आणि कर्करोगाचा धोका वेगळाच.

मग लोक आधी का येत नाहीत? हा प्रश्न मला शहरात नेहमी विचारला जातो, आणि विचारण्याच्या सुरातच उत्तर गृहीत असतं की खेड्यातली माणसं दातांकडे दुर्लक्ष करतात. मला ते मान्य नाही. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगीला आणि अमरावतीला खाजगी आहेत. पण शिकलेला दंतवैद्य शहरात थांबतो, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचं पद सहसा नसतंच. ग्रामीण रुग्णालयात असला तरी दाताच्या खुर्चीला वीज लागते, पाणी लागतं, हवेचा कॉम्प्रेसर लागतो. यातलं एक बंद पडलं की हाती उरते भुलेची सुई आणि चिमटा. मी काम केलेल्या एका ठिकाणी कॉम्प्रेसर दुरुस्तीची वाट पाहत महिनोन् महिने बंद होता. त्या काळात वाचवता आल्या असत्या अशा दाढा मी माझ्या हातानं उपटल्यात.

रूट कॅनल करून, म्हणजे आतला गर काढून, दाढ वाचवायची तर दोन-तीन फेऱ्या, वर कॅपचा काही हजारांचा खर्च. प्रत्येक फेरीला एक मजुरी बुडते, एसटीचं भाडं, सोबतीला आलेल्याचीही मजुरी. उपटणं एका फेरीत होतं. "काढून टाका जी" हा असा मांडलेला हिशेब आहे. दाढ गेल्यावर शेजारचे दात त्या फटीकडे कलतात, समोरचा खाली उतरतो, आणि काही वर्षांत ज्वारीची भाकर वरणात चुरल्याशिवाय खाववत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचे आजार आहेत, आणि त्यांतले चारपैकी तीन मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात.

त्या बाईंची दाढ बहुधा सातव्या-आठव्या वर्षीच किडू लागली असावी. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते, आणि ती दुधाच्या दातांच्या मागे, मोकळ्या जागेत येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडलेला नसतो, म्हणून घरच्यांना तीही दुधाचीच वाटते. किडली तरी "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. तिच्या माथ्यावरच्या खाचा खोल आणि अरुंद, ब्रशचे केस आत जात नाहीत. आयुष्यभर चावायची दाढ, आणि कीड पहिली तिलाच.

(यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. तिथल्या मुलांचे दात घडतानाच डागाळतात. ते डाग घासून जात नाहीत. त्यावरून पोरांना घाणेरडं म्हणू नये.)

दाढ नुकती आलेली असते त्या वयात उपाय फार स्वस्त आहे. हातानं कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरता येतं, वीज लागत नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं द्रव औषध आहे: त्यातली चांदी जिवाणू मारते, फ्लोराइड खनिज बांधतं. किडलेली जागा काळी पडते, पण कीड बहुतेकदा तिथंच थांबते. ही दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतंच, आणि दातांची तपासणी त्याच्या कामात आहे. तपासणाऱ्याच्या पिशवीत ही बाटली का असू नये, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

आजींची मुळं काढली. मग नातीला खुर्चीवर बसवलं. दुसरीतली पोर. शेवटच्या दुधाच्या दाढेमागे नवी दाढ, आणि तिच्या खाचेत तपकिरी रेघ.

"तो तं पडन ना जी?"

"नाही आजी. हीच तुमची आत्ता काढली ती."

कापसाचा बोळा लावून जागा कोरडी केली, छोट्या ब्रशनं त्या औषधाचा एक थेंब लावला, मिनिटभर थांबलो. पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं. "लोखंडाचा खिया चाटल्यावानी लागते."

सहा महिन्यांनी पुन्हा लावायचं, म्हणून तारीख लिहायला घेतली. आजींनी गालातला बोळा सांभाळत हिशेब केला. "तवा सोयाबीनची सवंगणी रायते जी. मंग कापूस."

मग चिठ्ठी शाळेच्या गुरुजींच्या नावानं लिहिली.