पटीच्या आधी उजेड मोजा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणाच्या आधीच्या शनिवारी रायफलने हरणं मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. पांढऱ्या शेपटीचं हे हरीण चरायला निघतं ते झुंजूमुंजू झाल्यावर, नाहीतर तिन्हीसांजेला. त्यामुळे रायफलवर बसवायच्या दुर्बिणीचा, म्हणजे स्कोपचा, कस दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली लागत नाही.

स्कोपवर ‘३-९×४०’ असं छापलेलं असतं. तीन ते नऊ ही पट, म्हणजे चित्र किती पट मोठं दिसतं ते, आणि ४० हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. नवखं गिऱ्हाईक पटीवर भुलतं. मी म्हणेन, आधी भागाकार करा. ४० भागिले ९ म्हणजे ४.४, डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाशाचा झोत एवढ्या मिलिमीटरचा. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, उतारवयात पाचच्या आसपासच. झोत बाहुलीहून बारीक झाला की चित्र काळवंडतं. पट सहावर आणली की झोत ६.७ मिलिमीटर होतो आणि झुडपामागचं शिंग फांदीपासून वेगळं दिसू लागतं. तीनवर तो तेरा मिलिमीटर होतो, पण एवढा बाहुलीत मावतच नाही. म्हणून कमी पटीसाठी ५६ मिलिमीटरचं जडशीळ भिंग घेण्यात अर्थ नाही.

पक्षी पाहायची ८×४२ दुर्बीण घरात असेल, तर ती हातभर लांब धरून उजळ आभाळाकडे रोखा, सूर्याकडे मात्र नाही. मागच्या भिंगात उजेडाची गोल टिकली दिसेल. पट्टी धरून मोजा, सव्वापाच मिलिमीटर भरेल. तोच हा झोत.

उजेड भिंगांच्या पृष्ठभागांवरही सांडतो. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. असे बारा पृष्ठभाग ओलांडेपर्यंत जेमतेम ६१ टक्के उरतो. १९३५ मध्ये जर्मनीतल्या झाइस या भिंगांच्या कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिपातळ थर चढवून ही गळती कमी केली. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. पैसे खर्चायचेच तर पटीपेक्षा या थरांवर खर्चावेत.

दाट झाडीत हरीण बहुधा शंभर यार्डांच्या आतच दिसतं. तिथे नऊ पट अडचणच करते. दृश्य आक्रसतं, आणि हाताची थरथरही नऊ पट होते. जनावर तडफडत राहू नये यासाठी गोळी हृदय-फुप्फुसांच्या जेमतेम आठ इंचांच्या जागेतच लागायला हवी.

डोळा आणि स्कोप यांच्यात नऊ-दहा सेंटिमीटर अंतर हवंच. ते कमी पडलं तर रायफलच्या धक्क्याने स्कोपची कड भुवईवर आदळते आणि अर्धचंद्राकृती जखम होते. जोरदार धक्क्याची रायफल असेल तर हे अंतर सगळ्यात आधी तपासा.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांची शिकार बंद आहे. भिंगांचं गणित मात्र ताडोबातल्या दुर्बिणीलाही तेच लागू पडतं. विस्कॉन्सिनच्या शिकाऱ्यालाही गळ्यात वेगळी दुर्बीण हवीच. स्कोप जिकडे वळतो तिकडेच रायफलची नळीही वळते, आणि पहाटेच्या धूसर उजेडात झुडपामागे हललेलं काहीतरी दुसरा शिकारीही असू शकतो.