हेपटायटिस सी ची फुकट ट्रीटमेंट: कागद नेमका कुठे अडतो

आधी हे ऐका, यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पिवळं रेशनकार्ड पण नाही. २०१८ पासून नॅशनल व्हायरल हेपटायटिस कंट्रोल प्रोग्रॅममध्ये तपासणी आणि गोळ्या दोन्ही फुकट आहेत. एक फोटो ओळखपत्र न्या, बस. तरी लोक आधी तहसीलच्या चकरा मारतात.

अडतं दुसरीकडेच. रक्तदान केलं नाहीतर ऑपरेशनआधी रक्त तपासलं, एचसीव्ही (म्हणजे हेपटायटिस सी चा व्हायरस) पॉझिटिव्ह निघालं, की तोच कागद घेऊन माणूस सरकारी दवाखान्यात जातो आणि खिडकीवरून परत. एक काका तर तो रिपोर्ट लॅमिनेट करून पहाटेच्या एसटीने आलेले. आता तो रिपोर्ट ॲण्टिबॉडीचा, म्हणजे व्हायरस कधीतरी अंगात शिरला होता एवढंच कळतं, काहींचा तर आपोआप गेलेला असतो. गोळ्या सुरू व्हायला आत्ता रक्तात व्हायरस आहे हे दाखवणारा आरएनए, म्हणजे व्हायरल लोडचा रिपोर्ट लागतो. "हा चालणार नाही" म्हणायला दोन सेकंद लागले, "व्हायरल लोड इथेच फुकट होतो" म्हणायला अजून दोनच लागले असते ना!

बाकी प्लेटलेट, एसजीओटी वगैरे रक्ताच्या तपासण्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टरच लिहून देतात. त्यावरून लिव्हर किती खराब झालंय बघतात आणि सोफोस्बुव्हिर या मुख्य गोळीसोबत डॅक्लाटास्व्हिर द्यायचं की वेल्पाटास्व्हिर ते ठरतं. हीच सोफोस्बुव्हिर आधी ट्रायलमधली गोळी होती, डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली तेव्हा एकेक गोळी हजार डॉलरला. आपल्याकडे जेनेरिक निघाली म्हणून खिडकीत फुकट मिळतेय.

आधी कधी हेपटायटिस सी ची औषधं घेतली असतील तर लपवू नका, जुने कागद न्या. मोठ्या सेंटरला पाठवतील, पण तो नकार नव्हे. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत टाकून न्याच, कारण ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल वेल्पाटास्व्हिरचा असर कमी करते आणि हार्टची अमिओडारोन चालू असेल तर सोफोस्बुव्हिरने ठोके धोकादायक मंदावू शकतात.

गोळ्या २८-२८ दिवसांच्या मिळतात, डबी संपायच्या चार दिवस आधीच जा.

आता बारा आठवड्यांचा घोळ. बहुतेकांचा कोर्स बारा आठवड्यांचा, आणि बरं झालं का हे बघायची टेस्ट पण बारा आठवड्यांनी, पण ते *गोळ्या संपल्यापासून*. १ जानेवारीला शेवटची गोळी घेतली तर टेस्ट २६ मार्चनंतर. लोक गोळ्या संपल्या त्याच आठवड्यात टेस्टला रक्त देतात, निगेटिव्ह बघून पेढे वाटतात आणि परत तोंड दाखवत नाहीत, मग फाइल अर्धीच.

तो शेवटचा अनडिटेक्टेड, म्हणजे रक्तात व्हायरस सापडला नाही असा रिपोर्ट मात्र जपा. बरं झाल्यावरही ॲण्टिबॉडी पॉझिटिव्हच येत राहते, पुढच्या ऑपरेशनला पुन्हा तीच धावपळ होईल. लॅमिनेशन करायचंच तर त्याचं करा.