बाटली परत आणण्याआधी: प्रथम वर्ष रसायनशास्त्रातली नेहमीची गणितं

आमच्या दुकानातून प्रयोगशाळेचं साहित्य आणि रसायनं आसपासच्या कॉलेजांना जातात. कॉलेजं उघडली की प्रथम वर्षाची मुलंमुली एप्रन, जर्नल, पिपेट घ्यायला काउंटरवर येतात. महिन्या-दीड महिन्याने त्यांच्यातलंच कुणीतरी लॅब असिस्टंटने दिलेली बाटली घेऊन पुन्हा येतं. "काका, ऑक्झॅलिक ॲसिड खराब निघालं. रीडिंग दहाच्या आसपास यायला हवं, सातला येतंय."

हे रीडिंग टायट्रेशनचं: मोजून घेतलेल्या ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये ब्युरेट या खुणांच्या नळीतून पोटॅशियम परमँगनेट थेंबथेंब सोडायचं आणि अभिक्रिया पुरी व्हायला किती मिली लागलं ते वाचायचं. पूर्वी आम्ही काही न विचारता बाटली बदलून द्यायचो. नव्या बाटलीनेही सातच यायचं. मग एकदा एका मुलीला म्हटलं, जर्नल दाखव बरं. तिने २५० मिली ०.१ नॉर्मल द्रावणासाठी १.१२५ ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड घेतलं होतं. आकडा पेनाने दोनदा गिरवलेला, म्हणजे तिने तो नीट तपासलाही होता. रेणुवस्तुमान ९०, भागिले दोन, म्हणून इक्विव्हॅलंट वेट (लिटरभर १ नॉर्मल द्रावणाला लागणारे ग्रॅम) ४५. तिथून पुढची आकडेमोड अगदी बरोबर. बाटलीच्या लेबलवर मात्र रेणुवस्तुमान १२६.०७ छापलेलं होतं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक खोक्यात हे पत्रक घालतो.

स्फटिकातलं पाणीही वजनात येतं

दहावीत मोरचूद तापवल्याचं आठवतं? निळे खडे पांढरे पडतात आणि परीक्षानळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात. ते स्फटिकजल. निळ्या मोरचुदाचं रेणुवस्तुमान २४९.७ आणि पांढऱ्या भुकटीचं १५९.६. मधला फरक पाण्याच्या पाच रेणूंचा.

ऑक्झॅलिक ॲसिडचंही तसंच आहे. बाटलीतल्या स्फटिकात प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू असतात. म्हणून ९० नव्हे, १२६. इक्विव्हॅलंट वेट ६३. आणि २५० मिली ०.१ नॉर्मलसाठी १.५७५ ग्रॅम. त्या मुलीने १.१२५ घेतलं, म्हणून तिचं द्रावण ०.०७१ नॉर्मल झालं आणि ब्युरेटमधलं परमँगनेट सातलाच थांबलं. रसायनाने चोख काम केलं होतं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी आमचा जीव इथे खरंच तुटतो. स्फटिकजल त्यांना छान समजलेलं असतं. पण कॉलेजात लेबलवर "डायहायड्रेट" लिहिलेलं दिसतं आणि ही तीच ओळखीची गोष्ट आहे हे कुणी सांगत नाही. डायहायड्रेट म्हणजे दोन पाणी, पेंटाहायड्रेट म्हणजे पाच, अनहायड्रस म्हणजे निर्जल. मोहर सॉल्टमध्ये (फेरस अमोनियम सल्फेट) सहा पाणी असतात, रेणुवस्तुमान ३९२.

म्हणून एक सवय लावून घ्या. जर्नलमध्ये नुसतं "१.५७५" लिहू नका. "१.५७५ ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड डायहायड्रेट" असं पूर्ण लिहा. आकड्याशेजारी एकक आणि पदार्थ आल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचं नाही. आमच्यापर्यंत आलेल्या निम्म्याहून जास्त तक्रारी काउंटरवर एवढं लिहायला लावल्यावरच मिटल्या आहेत.

नॉर्मॅलिटीचं सूत्र मोलॅरिटीला लावू नका

अकरावी-बारावीपासून "एन१ व्ही१ = एन२ व्ही२" (एन म्हणजे नॉर्मॅलिटी, व्ही म्हणजे आकारमान) तोंडपाठ असतं. कॉलेजात मोलॅरिटी (एका लिटरमध्ये किती मोल; एक मोल म्हणजे रेणुवस्तुमानाएवढे ग्रॅम) आली की मुलं एनच्या जागी एम लिहितात. आम्लाचा एक रेणू अल्कलीच्या एकाच रेणूशी जुळत असेल तर उत्तर बरोबर येतं, म्हणून चूक लपून राहते. परमँगनेटच्या टायट्रेशनला ती उघडी पडते.

हे गणित एकदा सावकाश करून पाहा. पिपेटने १० मिली ऑक्झॅलिक ॲसिड घेतलं, ०.१ नॉर्मल, म्हणजेच ०.०५ मोलर. पायलट रीडिंग (पहिला ढोबळ अंदाज) ९ ते १०, आणि सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारं रीडिंग) ९.६ मिली. नॉर्मॅलिटीने ०.१ गुणिले १०, भागिले ९.६, उत्तर ०.१०४२ नॉर्मल. आम्लयुक्त द्रावणात परमँगनेटचा प्रत्येक रेणू पाच इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून त्याचं इक्विव्हॅलंट वेट १५८ भागिले ५, म्हणजे ३१.६. तीव्रता ३.२९ ग्रॅम प्रति लिटर.

आता तेच मोलने. ०.०५ गुणिले १० म्हणजे ०.५ मिलिमोल ऑक्झॅलिक ॲसिड. समीकरणात परमँगनेटचे दोन आणि ऑक्झॅलिक ॲसिडचे पाच रेणू आहेत, म्हणून परमँगनेट ०.२ मिलिमोल लागलं. भागिले ९.६ मिली, उत्तर ०.०२०८ मोलर. गुणिले १५८, पुन्हा ३.२९ ग्रॅम प्रति लिटर. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या. कुणी सरळ "एम१ व्ही१ = एम२ व्ही२" मांडलं तर ०.०५२ येतं, खऱ्या उत्तराच्या अडीचपट. ती अडीचपट म्हणजे विसरलेले पाच आणि दोन.

आमचा आग्रह मोलच्या वाटेचा आहे. नॉर्मॅलिटी झटपट आहे, पण मोलमध्ये काय कशाशी जुळलं ते डोळ्यांसमोर राहतं, आणि पुढच्या वर्षांत तेच कामी येतं.

टेबलावरच्या खोड्या

गणित बरोबर असूनही रीडिंग पळत असेल तर आधी ब्युरेटच्या तोटीत हवेचा बुडबुडा अडकलाय का ते बघा. तो मधेच सुटला की तेवढं द्रावण फ्लास्कमध्ये न जाताच मोजलं जातं. ब्युरेट भरल्यावर वरची चाडी काढून ठेवा, तिच्यातून थेंब गळत राहतात. परमँगनेट गडद असल्याने त्याची वरची कड वाचतात. सुरुवातीला वरची वाचली तर शेवटीही वरचीच वाचायची.

ऑक्झॅलिक ॲसिड ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करूनच टायट्रेशन सुरू करा. पहिल्या थेंबाचा गुलाबी रंग जायला वेळ लागतो, त्याला एन्ड पॉइंट (अभिक्रिया पुरी झाल्याची खूण) समजून थांबू नका. अभिक्रियेत तयार होणारं मँगनीज पुढची अभिक्रिया वेगाने घडवतं, म्हणून नंतरचे थेंब पटापट रंगहीन होतात. फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा दिसला तर सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलंय किंवा परमँगनेट फार घाईने सोडलंय. तो फ्लास्क ओतून द्या आणि पुन्हा घ्या. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक चालत नाही, कारण परमँगनेट त्यातल्या क्लोराइडवरही खर्च होतं.

सोडियम हायड्रॉक्साइडबद्दल आम्ही विकणारेच सांगतो: ४ ग्रॅम तोलून लिटरभर पाण्यात घातलं म्हणून नेमकं ०.१ मोलर द्रावण होत नाही. हे दाणे हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात, काट्यावर ठेवल्या ठेवल्या ओले दिसू लागतात. झाकण लगेच लावा, आणि नेमकी तीव्रता ऑक्झॅलिक ॲसिडशी टायट्रेट करूनच ठरवा.

ॲसिडच्या बाटलीवर मोलॅरिटी का नसते

हा प्रश्न दर वर्षी येतो. लेबलवर टक्केवारी आणि घनता असते, त्यावरून मोलॅरिटी आपण काढायची. समजा हायड्रोक्लोरिक ॲसिड ३७ टक्के आणि घनता १.१८ आहे. एक लिटरचं वजन ११८० ग्रॅम. त्याचे ३७ टक्के म्हणजे ४३६.६ ग्रॅम. भागिले ३६.५, जवळपास १२ मोलर. २५० मिली ०.१ मोलर करायला साधारण २.१ मिली पुरतं. बाटली ३५ टक्क्यांची असेल तर हेच गणित ११.३ वर येतं, म्हणून मैत्रिणीच्या जर्नलमधला आकडा उतरवू नका, आपल्या बाटलीचं लेबल वाचा. आणि ॲसिड नेहमी पाण्यात घाला, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

कागदावरची गणितं

लिमिटिंग रीएजंटमध्ये (आधी संपणारा पदार्थ कोणता, या गणितात) मुलं ग्रॅमकडे बघून निर्णय घेतात. २८ ग्रॅम नायट्रोजन आणि १० ग्रॅम हायड्रोजन दिला की हायड्रोजन कमी वाटतो. मोल करा: नायट्रोजन १, हायड्रोजन ५. एका मोल नायट्रोजनला हायड्रोजनचे तीनच लागतात. म्हणजे आधी संपतो तो नायट्रोजन. अमोनिया ३४ ग्रॅम मिळतो, ४ ग्रॅम हायड्रोजन उरतो. ३४ अधिक ४ म्हणजे ३८, जेवढं घेतलं तेवढंच. ही शेवटची बेरीज जरूर करा, दहा सेकंदांचं काम आहे.

वायूंच्या गणितात सेल्सिअसचं केल्विन करायचं राहतं, किंवा दाब ॲटमॉस्फिअरमध्ये असताना आरची (वायू स्थिरांकाची) किंमत ८.३१४ घेतली जाते. लिटर आणि ॲटमॉस्फिअर असेल तर ०.०८२१. एका पुस्तकात एक मोल वायूचं आकारमान एसटीपीला (प्रमाण तापमान आणि दाबाला) २२.४ लिटर आणि दुसऱ्यात २२.७ दिसलं तर गोंधळू नका. पहिला आकडा १ ॲटमॉस्फिअर दाबाचा, दुसरा १ बारचा. आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८२ मध्ये प्रमाण दाब बदलला, जुना आकडा मात्र वापरात राहिला.

पीएचमधला एक प्रश्न हमखास फसवतो: हायड्रोक्लोरिक ॲसिड १०चा उणे आठवा घात मोलर, पीएच किती? सूत्रात घातलं की ८ येतं, म्हणजे ॲसिड घालून पाणी अल्कधर्मी झालं! इतक्या विरळ द्रावणात पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयनही मोजावे लागतात. २५ अंशांना खरं उत्तर ६.९८.

बारावीच्या बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. प्रथम वर्षाला कॅल्क्युलेटर हाती येतो आणि जर्नलमध्ये ०.१०४१६६६७ असे आकडे दिसू लागतात. ५० मिलीच्या ब्युरेटवर खुणा ०.१ मिलीच्या असतात. ९.६ वरून आठ आकडी उत्तर निघत नाही. मधल्या पायऱ्यांत एखादा आकडा जास्त ठेवा, पण शेवटचं उत्तर लिहिताना ब्युरेटला जेवढं दिसलं तेवढंच लिहा.

हे सगळं तपासूनही रीडिंग जुळलं नाही, तर खुशाल या. बाटली बंद झाकणाने, लेबल न फाडता आणा, आणि बरोबर जर्नल आणा, त्यात पायलट रीडिंगपासूनचे सगळे आकडे खाडाखोड न करता असू द्या. बाटली खरोखरच खराब असेल तर बदलून देऊ. नाहीतर काउंटरवर एक स्टूल आहे, बसून गणित करू. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.