सह्याद्रीवरचे ढग आणि उपग्रहाची नजर: एक पार्श्वभूमी

जुलै उजाडला की साताऱ्या-सांगलीतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर इन्सॅट या भारतीय उपग्रहांची चित्रं फिरायला लागतात. लाल-जांभळा पट्टा जिल्ह्यावर सरकला की कुणीतरी लिहितंच, "आज काही खरं नाही." पण तो रंग पावसाचा नसतो, ढगाच्या माथ्याच्या तापमानाचा असतो. माथा जितका उंच तितका थंड, आणि जितका थंड तितका रंग भडक. म्हणून जतवर चित्र लालभडक असतं तरी शिवार कोरडं राहू शकतं, आणि महाबळेश्वरवर फिकट करडा ढग दिसत असताना खाली झड लागलेली असू शकते. उपग्रह ढग मोजतो म्हणजे नेमकं काय मोजतो, हे त्यासाठी आधी बघायला हवं.

वरून ढग मोजायचा पहिला प्रयत्न फेब्रुवारी १९५९ मधला, व्हॅनगार्ड-२ या अमेरिकी उपग्रहाचा. स्वतःभोवती फिरता फिरता त्यानं पट्ट्यापट्ट्यानं पृथ्वी टिपायची, अशी योजना होती. पण तो असा डुलत राहिला की आलेली माहिती जवळजवळ निरुपयोगी ठरली. १ एप्रिल १९६० ला टायरॉस-१ गेला. तो ७८ दिवसच चालला, पण वादळांचे अख्खे भोवरे माणसाला पहिल्यांदा वरून दिसले. तरी ती चित्रंच होती. अंदाज वर्तवणाऱ्याला ती पुरायची, हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्याला नाही. त्याला आकडा हवा होता, आणि तोही वर्षानुवर्षं एकाच मापानं घेतलेला.

ती निकड १९७९ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी दिलेल्या चार्नी अहवालानंतर जास्तच जाणवली. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान १.५ ते ४.५ अंशांनी वाढेल, असं त्यात म्हटलं होतं. पल्ला एवढा रुंद असण्याचं एक मोठं कारण ढग. ढग वरून येणारं ऊन परतवतो आणि खालून जाणारी उष्णता अडवतो. यातलं कोणतं पारडं जड, हे ठामपणे सांगता येत नव्हतं. उत्तर १९८९ मध्ये मिळालं. चेन्नईत जन्मलेले वीरभद्रन रामनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहांवरून मोजलेल्या प्रारणाचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रकाशाचा आणि उष्णतेचा, हिशेब मांडला. ढग दर चौरस मीटरमागे सुमारे ४५ वॅट परतवतात आणि ३१ वॅट अडवतात, म्हणजे एकंदरीत पृथ्वीला थंडच ठेवतात. पृथ्वी तापल्यावर हे पारडं कुठं झुकेल, हा प्रश्न त्यापुढचा.

दरम्यान जुलै १९८३ पासून ढगांची पहिली जागतिक नोंदवही सुरू झाली होती: आंतरराष्ट्रीय उपग्रह ढग-हवामान प्रकल्प. त्यात मोठं नाव नासाचे शास्त्रज्ञ विल्यम रॉसो यांचं. निरनिराळ्या देशांचे उपग्रह वेगवेगळ्या बनावटीचे, त्यामुळे सगळ्यांकडे समान असलेल्या दोनच वाहिन्या, म्हणजे प्रकाशाचे दोनच पट्टे, घेतल्या. एक दृश्य प्रकाशाची, एक अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उष्णतेच्या लहरींची. ढग किती चकाकतो यावरून त्याची प्रकाशीय जाडी (तो प्रकाश किती अडवतो ते) काढायची, माथा किती थंड आहे यावरून उंची. दोन्हींच्या तीन-तीन पायऱ्या करून ढगांचे नऊ प्रकार केले. उपग्रह फक्त प्रकाश मोजतो, बाकी सगळं गणितानं काढलेलं असतं, आणि गणित चुकायला जागा भरपूर असते. १९८६ नंतरच्या नोंदींत जगातले ढग घटल्याचं दिसू लागलं, तेव्हा बरीच चर्चा झाली. नंतरच्या छाननीत त्यातला मोठा वाटा उपग्रहांचा बघण्याचा कोन बदलत गेल्याचा निघाला.

कोनाचं दुखणं आपल्याला तर फारच जवळचं. या नोंदवहीत हिंदी महासागर आणि भारताच्या डोक्यावर भोक होतं. युरोपचा मीटिओसॅट शून्य रेखांशावर, जपानचा जीएमएस १४० अंश पूर्वेला, आणि सातारा ७४ वर. दोघांनाही आपलं आभाळ क्षितिजाजवळ, तिरकं दिसायचं. तिरकं बघितलं की ढगांच्या कडाही नजरेत येतात आणि आभाळ आहे त्यापेक्षा भरलेलं वाटतं. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी गेला होता, पण थोडा काळ सोडला तर त्याची माहिती या प्रकल्पात आली नाही. ध्रुवीय कक्षेतले उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जाताना जे टिपत, त्यावर काम भागवलं. १९९८ मध्ये मीटिओसॅट-५ सरकवून ६३ अंश पूर्वेला आणला तेव्हा कुठं भोक बुजलं. ज्या मान्सूनवर अर्ध्या जगाचा अभ्यास चालतो, त्याच्याच ढगांची पहिली पंधरा वर्षं अशी फाटकी आहेत. मला ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत खटकणारी गोष्ट वाटते.

आता लाल पट्ट्याकडे. ढगमाथा उणे ३८ अंशांहून थंड असेल तर तिथं तासाला ३ मिलिमीटर पाऊस धरायचा, हा हवामानशास्त्रज्ञ फिलिप आर्किन यांचा सोपा ठोकताळा. त्याचं मूळ १९७४ च्या अटलांटिकमधल्या मोहिमेत. समुद्रावरच्या उंच गडगडाटी ढगांना तो बरा लागू पडतो, पण आपल्या घाटमाथ्याला नाही. पश्चिमेचा दमट वारा डोंगराला थडकून वर चढतो तेव्हा होणारे ढग बुटके असतात. पुष्कळदा त्यांच्यात बर्फ तयारच होत नाही, थेंबाला थेंब मिळून पाऊस पडतो, आणि तोही धो धो. अवरक्त नजरेला असा ढग कोमट दिसतो, म्हणून हिशेबात पाऊस कमी धरला जातो. उलट माण-खटाव, आटपाडी, जतकडे उंचावरून सरकणारे विरळ हिमढग थंडगार दिसतात, पण त्यातून खाली काहीच उतरत नाही. पर्जन्यछायेतल्या माणसाला हे सांगायला उपग्रह लागत नाही म्हणा.

यावर उतारा म्हणजे ढगातच जाऊन बसणं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगभौतिकी प्रयोगशाळा सुरू केली. पावसाळ्यात तिथं ढग जमिनीलाच टेकलेला असतो. विमान उडवायची गरज नाही: हवा लेझरच्या झोतातून जाऊ द्यायची आणि प्रत्येक थेंबानं विखुरलेल्या प्रकाशावरून त्याचा आकार काढायचा. उपग्रहाच्या गणितातून निघणारी थेंबाची त्रिज्या अशा मोजमापाशी पडताळून बघता येते. वाई तालुक्यात मांढरदेवच्या डोंगरावर याच संस्थेची दोन रडार बसली. त्यातलं एक पावसाचा मागोवा घेणारं, दुसरं आखूड लहरींचं, पाऊस सुरू होण्याआधीचा ढगही पकडणारं. घाटमाथ्यावर ढग बुटके आणि पूर्वेला गेलं की उंच, हे रडारच्या नोंदींतूनही दिसलं.

वरची नजरही सुधारली. २०१३ च्या इन्सॅट-३डी मध्ये सहा वाहिन्या आल्या, त्यामुळे थेंब आणि बर्फ यांत फरक करणं सोपं झालं. २००६ मध्ये क्लाउडसॅटनं रडार आणि कॅलिप्सोनं लेझर अवकाशात नेलं आणि ढगाचा उभा छेद मिळू लागला. मे २०२४ मध्ये गेलेल्या अर्थकेअरवर दोन्ही एकत्र आहेत. पण क्लाउडसॅटच्या रडारला जमिनीलगतच्या सुमारे एक किलोमीटरमध्ये जमिनीचाच प्रतिध्वनी इतका यायचा की ढग त्यात बुडून जायचा, आणि डोंगराळ भागात तर जास्तच. घाटमाथ्याच्या ढगाचा बराचसा कारभार नेमका त्याच एका किलोमीटरमध्ये चालतो. म्हणून महाबळेश्वर आणि मांढरदेवच्या नोंदींशिवाय इथल्या ढगांच्या आकड्यांवर भिस्त ठेवणं अजूनही धोक्याचं आहे.