डिंक्याचा कारक कोण? बुरशीची प्रजाती ठरवण्याची पार्श्वभूमी

पावसाळ्यात काटोल, नरखेड, कळमेश्वरच्या संत्रा बागांत बुंध्याची साल तडकते, डिंक पाझरतो आणि बागायतदार म्हणतो, 'डिंक्या आला.' मग कृषी सेवा केंद्रात मागणी होते बुरशीनाशकाची. प्रत्यक्षात डिंक्याचा कारक फायटोफ्थोरा आजच्या वर्गीकरणात बुरशी नाहीच. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते. याच्या भित्तिकेत प्रामुख्याने ग्लुकन आणि सेल्युलोज असते, त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि त्याचे जवळचे नाते समुद्रातल्या तपकिरी शैवालांशी आहे. फरक पुस्तकी नाही. हेक्झाकोनाझोलसारखी औषधे बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे अर्गोस्टेरॉल हे स्टेरॉल तयार करण्याची प्रक्रिया रोखतात. फायटोफ्थोरा स्टेरॉल स्वतः बनवतच नाही, त्यामुळे तिथे ती निरुपयोगी ठरतात. कार्बेन्डाझिमचाही उपयोग होत नाही. मेटालॅक्झिल किंवा फोसेटिल हे औषध लागते, बुंध्याला मोरचूद आणि चुन्याचा बोर्डो मलम लागतो.

बुरशीच्या प्रजाती नेमक्या ओळखण्याची रीत घडायला दोनशे वर्षे गेली. कवकशास्त्रज्ञ पर्सून यांनी 1801 मध्ये आणि स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी 1821 ते 1832 या काळात बुरशीच्या वर्गीकरणाचा पाया घातला. आधार होता डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाचा, आणि अळिंबीसारख्या छत्रीदार बुरशींच्या बाबतीत बीजाणूंच्या रंगाचा. पुढे इटलीच्या साकार्दो यांनी 1882 पासून जगभरच्या नोंदी खंडांमागून खंडांत एकत्र आणल्या. बीजाणूचा आकार, रंग, त्यातले पडदे पाहायचे आणि नाव द्यायचे, ही शिस्त तिथे पक्की झाली.

या पद्धतीत एक मोठी खोट होती. बुरशी कोणत्या पिकावर सापडली, यावरूनच नवी प्रजाती जाहीर होई. फळगळीच्या संदर्भात आपल्याकडे ज्याचे नाव वारंवार येते, त्या कोलेटोट्रायकम या बुरशीचे असेच झाले. एकेका पिकावरची नावे साचत साचत सुमारे साडेसातशेवर गेली. 1957 मध्ये फॉन आर्क्स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली सगळी तपासली आणि फक्त 11 प्रजाती मान्य केल्या. एकट्या ग्लोइओस्पोरिऑइड्स या नावाखाली त्यांनी सुमारे 600 नावे गुंडाळली. धाडसी काम होते, पण वेगळ्या गोष्टीही त्यात एका पोत्यात गेल्या.

मग मीलनाची कसोटी का नको? प्राणी-पक्ष्यांत ज्यांची आपसात पैदास होते ते एका प्रजातीचे, असे मानतात. ब्लेकस्ली यांनी 1904 मध्ये पावावरच्या बुरशीच्या गटातल्या अनेक प्रजातींत दोन वेगवेगळे मीलन-प्रकार एकत्र आल्याशिवाय लैंगिक बीजाणू तयार होत नाहीत, हे दाखवले होते. अडचण अशी की हजारो बुरशींत मीलन कधी कोणी पाहिलेलेच नाही. ज्यांत होते, त्यांची लैंगिक आणि अलैंगिक रूपे इतकी निराळी की दोघांना दोन नावे मिळाली आणि दोन्ही नियमाने वैध होती! हा दुहेरी कारभार 2011 मध्ये मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत संपला. एका बुरशीला एकच नाव, हे तिथे ठरले.

डीएनएने चित्र पालटले. 1990 मध्ये व्हाइट आणि सहकाऱ्यांनी बुरशीच्या डीएनएतल्या आयटीएस या तुकड्याच्या प्रती काढण्याची सोपी रीत दिली आणि 2012 मध्ये तोच तुकडा बुरशीचा अधिकृत बारकोड, म्हणजे ओळखखूण, म्हणून सुचवला गेला. एकच तुकडा मात्र पुरत नाही. 2000 मध्ये जॉन टेलर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली कसोटी मला सर्वांत भक्कम वाटते. अनेक जनुकांच्या वंशावळी वेगवेगळ्या काढायच्या. एकाच प्रजातीच्या आत जनुकांची सरमिसळ होत असते, म्हणून तिथे या वंशावळी एकमेकींशी जुळत नाहीत. ज्या फांदीवर त्या एकमताने फुटतात, तिथे सरमिसळ थांबलेली असते आणि तीच प्रजातीची सीमा. मीलन कोणी न पाहताही त्याचा माग लागतो, ही त्यातली गोम. ग्लोइओस्पोरिऑइड्सचे पोते 2012 मध्ये अनेक जनुकांनी उघडले तेव्हा आत 22 प्रजाती निघाल्या.

आणि फायटोफ्थोरा? 1913 मध्ये जहांगीर दस्तूर यांनी एरंडीवर सापडलेल्या रोगकारकाला फायटोफ्थोरा पॅरासिटिका असे नाव दिले. पुढे ते मध्य प्रांत सरकारचे कवकशास्त्रज्ञ झाले, ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती. डच वसाहतीतल्या, म्हणजे आजच्या इंडोनेशियातल्या तंबाखूवर 1896 मध्ये निकोशियानी नावाची प्रजाती नोंदली गेली होती. दोन्ही एकच, असे 1993 मध्ये हॉल यांनी मांडले आणि जुने नाव आधी, या नियमाने दस्तूरांचे नाव मागे पडले. नागपुरी संत्र्याच्या मुळांवर आणि बुंध्यावर आज नोंदला जाणारा प्रमुख कारक हाच निकोशियानी. जुन्या अहवालात 'पॅरासिटिका' दिसले तर रोग निराळा समजू नये.

फळगळीच्या नमुन्याचे उलटे आहे: इथे एकाच नावामागे अनेक प्रजाती असू शकतात. अहवालात नुसते 'ग्लोइओस्पोरिऑइड्स' लिहिले असेल, तर ते निदान फक्त आयटीएसवरून केले की आणखी जनुके तपासली, हे प्रयोगशाळेला विचारावे. एवढ्या एका तुकड्यावरून त्या 22 पैकी बऱ्याच प्रजाती वेगळ्या करता येत नाहीत.