यकृताच्या पुच्छखंडातील कर्करोगाची शस्त्रक्रिया

यकृताच्या मागच्या अंगाला, अधोमहाशिरेला (शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) बिलगून असलेल्या पुच्छखंडातील (कॉडेट लोब) गाठ कापून काढण्याची शस्त्रक्रिया. फ्रेंच शल्यचिकित्सक क्लोद क्विनो यांनी १९५७ मध्ये यकृताचे आठ विभाग सांगितले, त्यांतला हा पहिला.

गाठ लहान असली तरी जागा अवघड असते. पुढे यकृताचे द्वार, म्हणजे पोर्टल शीर, धमनी आणि पित्तनलिका, मागे महाशीर, वर तिला येऊन मिळणाऱ्या तीन मोठ्या यकृतशिरा. त्यामुळे गाठीभोवती निरोगी पेशींची पुरेशी कड राखणे कठीण जाते. सुई घालून गाठ जाळावी, तर शेजारचे वाहते रक्त उष्णता ओढून नेते आणि काठावरच्या पेशी जिवंत राहू शकतात.

खरी कसोटी लागते ती आखूड शिरांपाशी. पुच्छखंडाचे रक्त या शिरांवाटे थेट महाशिरेत उतरते. त्यांची लांबी जेमतेम काही मिलिमीटर आणि भिंत पातळ. यकृत हलकेच उचलून धरायचे, खालून वर सरकत एकेक शीर मोकळी करायची, दोन्हीकडे बांधायची आणि मगच कापायची. घाईत एखादी ओढली गेली, तर ती महाशिरेच्या भिंतीतूनच उपटून येते. ग्लासगोचे जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये सांगितलेली, द्वारापाशी चिमटा लावून रक्त अडवण्याची युक्ती इथे अर्धीच कामी येते. यकृतात येणारे रक्त थांबते, महाशिरेतून उलट येणारे थांबत नाही. म्हणून भूलतज्ज्ञ सलाइन हात राखून देतात आणि मध्यवर्ती शिरांतला दाब ५ मिमी पाऱ्याच्या आत ठेवतात. या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञाचा वाटा शल्यचिकित्सकाइतकाच मोठा मानायला हवा.

खंडापर्यंत डावीकडून, उजवीकडून किंवा दोन्हीकडून पोहोचतात. काही वेळा यकृत मधोमध उघडून समोरूनही जातात. जपानी शल्यचिकित्सकांनी हे तंत्र विशेष घडवले. तादातोशी ताकायामा व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये केवळ पुच्छखंड संपूर्ण काढण्याची पद्धत मांडली. यकृताच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांना आधीच सिरोसिस (यकृत घट्ट होऊन त्याचे काम मंदावण्याचा विकार) असतो. निरोगी यकृताचा पाव हिस्सा मागे राहिला तरी बहुधा भागते. सिरोसिसमध्ये सुमारे ४० टक्के लागतो. अशा रुग्णाचे अर्धे यकृत न काढता एवढाच खंड काढता येणे, हे त्याच्या जगण्याच्या दृष्टीने फार मोलाचे असते.